सायलेन्सर, फिल्टर, रिमॅप आणि ‘वीस टक्के पॉवर’

मोटारसायकलवाल्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. शब्द बदलतात, आशय तोच. कंपनी आवाजाच्या आणि धुराच्या नियमांपायी इंजिनाचा गळा आवळून गाडी विकते. फ्री-फ्लो सायलेन्सर लावा, धुता येणारा कॉटनचा फिल्टर टाका, ईसीयू (इंधन आणि स्पार्क सांभाळणारा गाडीतला कॉम्प्युटर) रिमॅप करा म्हणजे त्यातले आकडे बदला, थोडक्या खर्चात १५ ते २० टक्के पॉवर वाढते. रिमॅपला पैसे नसतील तर ‘पॉवर चिप’ लावा. तीही नको असेल तर काही बिघडत नाही, ईसीयू आपलं आपण शिकून घेतो. खाली पुरावा म्हणून डायनोचा, म्हणजे पॉवर मोजणाऱ्या यंत्राचा, आलेख.

यातलं सगळंच खोटं असतं तर हा मजकूर एवढा टिकला नसता. पण आकडे उसने आहेत आणि खर्चाचा क्रम उलटा आहे. मी इथे टर्बो नसलेल्या फोर-स्ट्रोक गाडीबद्दल बोलतोय. हात राखून खर्च करणाऱ्यांकडे बहुतेक वेळा तीच असते.

“कंपनीने पॉवर दाबून ठेवलेली असते”

काही गाड्यांत खरंच ठेवलेली असते. युरोपातल्या ए२ परवान्याला ३५ किलोवॉटची मर्यादा आहे, म्हणून काही मोठ्या गाड्या तेवढ्यापुरत्या बांधून विकल्या जातात. काही गाड्यांचा ईसीयू खालच्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण उघडूच देत नाही. अशी गाडी असेल तर ते बंधन काढल्यावर फरक ठळक जाणवतो. आपल्या मॉडेलचं इंजिन दुसरीकडे जास्त पॉवरने विकलं जातं का, एवढं आधी बघावं. विकलं जात नसेल, तर दडवलेलं काही असण्याची शक्यता फार कमी. जाहिरातीत एका-एका बीएचपीवरून भांडणारी कंपनी वीस टक्के अशीच पडू देईल, हे मला पटत नाही.

आणि कारखान्याने पाइप आवळला म्हणजे तो नियमासाठीच, असंही नसतं. यामाहाने १९८० च्या दशकात ‘एक्सअप’ (EXUP) नावाचा व्हॉल्व्ह एक्झॉस्टमध्येच बसवला. खालच्या आरपीएमला तो वाट अरुंद करायचा आणि वर गेल्यावर मोकळी करायचा. हेतू होता खालचा पिकअप सांभाळण्याचा.

“सायलेन्सर जितका मोकळा तितकी पॉवर जास्त”

याच्या विरोधात लगेच दुसरा गट उभा राहतो: “इंजिनाला बॅकप्रेशर लागतंच.” दोघेही चुकतात. उलटा दाब कुठल्याच इंजिनाला नको असतो. त्याला हवी असते वेळेवर परत येणारी लाट.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट पाइपातून सुटते. पाइप एकदम रुंद होतो किंवा संपतो, तिथून ती कमी दाबाची होऊन उलटी फिरते. ती व्हॉल्व्हपाशी पोचते त्या क्षणी इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह थोडेथोडे उघडे असतील, तर ती सिलिंडरातला उरलासुरला धूर बाहेर ओढते आणि मागून ताजं मिश्रण आत खेचलं जातं. तीच लाट चुकीच्या वेळी पोचली की फायदा गेला, वर थोडा धूर परत आत.

आता हिशेब करून बघा. गरम वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ५०० मीटर धरू. लाट परत फिरण्याची जागा १ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन २ मीटर, म्हणजे ४ मिलिसेकंद. ६,००० आरपीएमला तेवढ्या वेळात क्रँक १४४ अंश फिरतो. ३,००० ला फक्त ७२ अंश. म्हणजे एकच पाइप एका आरपीएमला मदत करतो आणि दुसऱ्या आरपीएमला आडवा येतो. बेंड पाइपची (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतच्या नळीची) लांबी आणि जाडी ठरवताना कंपनीने हा सौदा एकदा करून ठेवलेला असतो. जाड, आखूड पाइप लावून तो वरच्या आरपीएमकडे सरकवता येतो, पण मग ३,००० ते ५,००० मधला दम कमी होतो. रोजच्या गर्दीत मूठ तिथेच असते.

स्लिप-ऑन सायलेन्सर तर बेंड पाइपला हातच लावत नाही. शेवटचा डबा तेवढा बदलतो. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) डब्यात नसतो, पुढे बेंड पाइपातच इंजिनाजवळ असतो. तो लवकर तापून कामाला लागावा म्हणून. त्यामुळे स्लिप-ऑनने ‘अडथळा काढला’ असं वाटतं तेव्हा मुख्य अडथळा जागच्या जागी असतो. मिळालेच तर एक-दोन टक्के, आणि तेही वरच्या टोकाच्या आरपीएमला. फुल सिस्टिम (बेंड पाइपसकट सगळा एक्झॉस्ट) नीट बनवलेली असेल आणि तिच्या मापाने इंधन बसवलं असेल तर थोडं जास्त मिळतं. पण ‘बजेट’ या शब्दाशी तिचं जमत नाही.

मग लोकांना गाडी पळाल्यासारखी का वाटते? आवाज. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, आणि दुप्पट आवाज करणारी गाडी जोरात निघाल्यासारखीच वाटते. मूठ सोडल्यावर मागून फाट-फाट होतं, त्यालाही काही जण पॉवरची खूण समजतात. ते न जळलेलं इंधन गरम पाइपात पेटत असतं. बऱ्याचदा जोडाच्या गॅस्केटमधून हवा आत शिरत असते म्हणून. इंजिनाच्या कामी न आलेलं पेट्रोल ते.

स्लिप-ऑनचा एक फायदा मात्र पक्का आहे: वजन. मूळ डबा जड असतो, आणि दोन-तीन किलो सहज कमी होतात. वजनासाठी किंवा आवडीच्या आवाजासाठी घेत असाल तर जरूर घ्या, फक्त त्याला पॉवरच्या खात्यात धरू नका.

पाइपवरचा हा एवढा विश्वास आला कुठून, तेही सांगतो. टू-स्ट्रोकमध्ये पाइप खरोखरच सगळं बदलतो. पूर्व जर्मनीतल्या एमझेडच्या वाल्टर काडेनने १९५० च्या दशकात एक्स्पान्शन चेंबरवर (मध्ये फुगीर असलेल्या पाइपवर) काम करून छोट्या टू-स्ट्रोक इंजिनांतून तोवर न ऐकलेली ताकद काढली. १९६१ मध्ये त्याचा रायडर एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे निसटला आणि ती विद्या सुझुकीकडे घेऊन गेला. पुढच्याच वर्षी सुझुकीने ५० सीसीचं जगज्जेतेपद मिळवलं. पण तिथे फोर-स्ट्रोकसारखा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नसतो. बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण परत सिलिंडरात ढकलण्याचं काम पाइपच करतो. टू-स्ट्रोक रस्त्यांवरून बहुतेक गेल्या, त्यांची ख्याती मागे राहिली.

“कॉटनच्या फिल्टरने इंजिन मोकळा श्वास घेतं”

२०० सीसीचं इंजिन ८,००० आरपीएमला मिनिटात ४,००० वेळा हवा ओढतं. सिलिंडर दर वेळी पूर्ण भरतो असं धरलं तरी ८०० लिटर. स्वच्छ कागदी फिल्टरला हे झेपतं. समजा त्याच्यामुळे १ किलोपास्कल दाब कमी होत असेल. वातावरणाचा दाब १०१ किलोपास्कल असतो. म्हणजे फिल्टर पार काढून फेकला तरी हवा वाढणार एक टक्का. त्या एका टक्क्यातला काही भाग तुमच्या नव्या फिल्टरच्या वाट्याला.

धुता येतो, पुन्हा पुन्हा घ्यावा लागत नाही, हा त्याचा खरा गुण. पण धूळ किती अडवतो ते विचारा. त्यासाठी आयएसओ ५०११ नावाची चाचणी आहे, आणि चांगला उत्पादक तिचे आकडे देतो. आकडे न देता फक्त ‘हाय फ्लो’ लिहिलेला स्वस्त फिल्टर म्हणजे सिलिंडर आणि रिंगांवर बारीक पॉलिश पेपर फिरवण्याची सोय.

एअरबॉक्स (फिल्टरचा डबा) काढून थेट नळीवर बसणारा पॉड फिल्टर लावणं हा आणखी पुढचा प्रकार. तो डबा नुसता डबा नसतो. त्याचं आकारमान आणि नळीची लांबी एका ठरावीक आरपीएमला हवा आत ढकलायला मदत करेल अशी जुळवलेली असते. सीव्ही कार्ब्युरेटरच्या गाडीत तर आतली स्लाइड (हवेची वाट कमी-जास्त करणारा सरकता भाग) हवेच्या दाबावरच उचलली जाते. डबा गेला की मधल्या थ्रॉटलवर गाडी अडखळायला लागते, आणि मग इंधन जुळवायला नीडल वर-खाली करण्यात, मेन जेट बदलण्यात महिने जातात.

“ईसीयू स्वतःच जुळवून घेतो”

सगळ्यात महाग पडणारं वाक्य हे.

बहुतेक गाड्यांतला ऑक्सिजन सेन्सर नॅरोबँड असतो. त्याला एवढंच कळतं की मिश्रण हवा-इंधनाच्या १४.७ : १ या प्रमाणाच्या अलीकडे आहे की पलीकडे. किती अलीकडे, ते नाही. संथ वेगात आणि आयडलवर ईसीयू त्याचं ऐकून इंधन थोडं कमी-जास्त करतो, तेही ठरलेल्या मर्यादेत. मूठ पूर्ण पिळली की तो सेन्सरकडे बघणं सोडून देतो आणि आत साठवलेल्या तक्त्याप्रमाणे इंधन सोडतो. कारण जोर हवा असेल तर मिश्रण १२.५ ते १३ : १ च्या आसपास लागतं आणि नॅरोबँडला ते वाचताच येत नाही.

त्यातून बऱ्याच गाड्यांचा ईसीयू जास्त थ्रॉटलवर हवा मोजतही नाही. थ्रॉटल किती उघडलाय आणि आरपीएम किती, यावरून अंदाज बांधतो. तुम्ही मोकळा पाइप आणि मोकळा फिल्टर लावून जी काही जादा हवा आत आणली, तिचा त्याला पत्ताच नसतो. म्हणजे ज्या फुल थ्रॉटलसाठी पैसे घातले, तिथेच मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी. गाडी तापते, पॉवर उलट कमी होते, आणि वाईट पाळी आली तर नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप अवेळी पेटणं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला मुळातच थोडं जास्त इंधन लागतं, ते वेगळंच.

नुसता स्लिप-ऑन लावला आणि बाकी काही छेडलं नाही तर बहुतेक गाड्या चालवून घेतात. सिस्टिम आणि इनटेक दोन्ही बदलले की मात्र वाइडबँड सेन्सर (मिश्रणाचं नेमकं प्रमाण वाचणारा) लावून इंधन जुळवणं टाळू नये. त्याला पैसे उरणार नसतील तर आधीचे दोन खर्च करू नयेत.

“रिमॅप परवडत नसेल तर पॉवर चिप”

ही ‘चिप’ फोडून बघितलीत तर आत सहसा हिट-श्रिंक नळीत गुंडाळलेला एक रेझिस्टर निघतो. हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरीत तो लावायचा. सेन्सरचा रोध थंडीत वाढतो, त्यामुळे ईसीयूला वाटतं बाहेर गारठा आहे आणि तो इंधन वाढवतो. थर्मामीटर बर्फात धरून ताप उतरला म्हणण्यातला प्रकार. संथ वेगात ऑक्सिजन सेन्सर ते वाढीव इंधन पुन्हा काढून घेतो. फुल थ्रॉटलला गरज असो-नसो, सगळीकडे सारखंच जास्त पडतं. पुढे जाऊ.

“रिमॅपने वीस टक्के”

हा आकडा टर्बोवाल्या मोटारींचा आहे. तिथे सॉफ्टवेअरमधून टर्बोचा दाब वाढवला की हवाच जास्त भरते, आणि वीस-तीस टक्के खरोखर मिळतात. आपल्या इंजिनात दाब वाढवायला काही नाही. स्पार्कचं टायमिंग कारखान्यातच बऱ्यापैकी टोकाला नेलेलं असतं. उरतं ते रेव्ह लिमिट (आरपीएमची कमाल मर्यादा) वाढवणं. ९,००० चं १०,००० केलंत तर पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवरचा जडत्वाचा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो, म्हणजे साधारण २३ टक्क्यांनी. व्हॉल्व्ह स्प्रिंगा त्याच, बेअरिंगं तीच.

तरी रिमॅपला मी नावं ठेवणार नाही. धुराच्या नियमांसाठी कमी थ्रॉटलवर मिश्रण लीन ठेवलेलं असतं, त्यामुळे काही गाड्या संथ वेगात झटके देतात. चांगला ट्यूनर ते घालवतो आणि गाडी हाताला मऊ लागते. पैसे द्यायचे ते याचे. गाडी न बघता मेलवर पाठवलेल्या तयार फाइलचे नाहीत.

“हा बघा डायनोचा आलेख”

आलेखात चार गोष्टी शोधा. आकडे चाकावरचे आहेत की क्रँकचे. आधीचे क्रँकचे आणि नंतरचे चाकावरचे, किंवा उलट, असं मिसळलेलं असतं. दुरुस्ती गुणक (हवामानाचा फरक काढून टाकणारा आकडा) दोन्हींना एकच आहे का. जुना ‘एसटीडी’ गुणक एसएई जे१३४९ पेक्षा साधारण चार टक्के जास्त दाखवतो. दोन्ही रन एकाच दिवशी, इंजिन सारखं तापलेलं असताना घेतलेत का. आणि खाली मिश्रणाची रेघ आहे का. एकच गाडी लागोपाठ दोनदा चढवली तरी एक-दोन टक्के इकडेतिकडे होतात, त्यामुळे तीन टक्क्यांच्या वाढीवर फार नाचू नये. अक्ष शून्यापासून सुरू होतो का तेही बघा. १४ पासून सुरू केला की अर्ध्या बीएचपीचा डोंगर दिसतो.

बरं, पाच टक्के खरेच मिळाले असं धरू. हवेचा रोध कापायला लागणारी पॉवर वेगाच्या घनाने वाढते. त्यामुळे ताशी १२० किलोमीटरच्या गाडीला पाच टक्क्यांत मिळतात जेमतेम २ किलोमीटर.

मग थोडक्या पैशांत करायचं काय?

आधी गाडी जशी कारखान्यातून आली तशी करा. टॅपेटची सेटिंग, प्लग, फिल्टर, चेन, टायरची हवा, घासणारे ब्रेक, सरकणारा क्लच. हरवलेली पॉवर बहुधा यातच सापडते.

नंतर पुढचा स्प्रॉकेट, म्हणजे चेन ओढणारं दातेरी चाक. १४ दात्यांऐवजी १३ लावलात तर प्रत्येक गिअरमध्ये चाकावरचा जोर ७.७ टक्क्यांनी वाढतो. त्या मजकुरातलं काहीही एवढ्या खर्चात एवढं देत नाही. किंमत अशी की त्याच वेगाला आरपीएम तेवढेच चढतात, लांब रस्त्यावर इंजिन ओरडतं, पेट्रोलही थोडं जास्त जातं. स्पीडोमीटरचा सेन्सर गिअरबॉक्सवर असेल तर काटा खोटं बोलायला लागतो. चाकावर असेल तर नाही. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट झिजायला आलेच असतील तेव्हा हे उरकावं, अर्ध्या झिजलेल्या चेनवर नवा स्प्रॉकेट चढवू नये.

एवढं झाल्यावरही सायलेन्सर हवाच असेल तर वापरलेला पण नावाजलेला स्लिप-ऑन बघा. ऑक्सिजन सेन्सरची जागा, क्लॅम्पचं माप आणि डीबी किलर (आवाज कमी करणारा तुकडा) आत आहे ना, या तीन गोष्टी तपासून घ्या. आपल्याकडच्या नियमात तो बसतो का हे विकणाऱ्याला विचारू नका, नियमच वाचा. बसवताना जोडाचं गॅस्केट नवं टाका. काढलेला मूळ डबा भंगारात देऊ नका. गाडी विकताना पहिली मागणी त्याचीच होते.