'वोक' म्हणून उडवून लावण्याआधी

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हल्ली 'वोक' ही शिवीच झालीये. कोणी हुंड्याविरुद्ध लिहिलं की वोक, आरक्षणाची बाजू घेतली की वोक, झाडं तोडू नका म्हटलं तरी वोक. इथे अमेरिकेत बसून हे वाचताना खरंच वाईट वाटतं, कारण ज्यांच्या बोलण्यातून हा शब्द आला त्या काळ्या लोकांबरोबर माझं रोजचं उठणंबसणं आहे.

1931 साली अलाबामात नऊ काळ्या पोरांवर चालत्या मालगाडीत दोन गोऱ्या बायकांवर बलात्कार केल्याचा खोटा आळ आला, स्कॉट्सबरो गावात खटला चालला आणि त्यातल्या आठ जणांना मृत्युदंड ठोठावला गेला (पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला). लेड बेली या काळ्या गायकाने त्यावर गाणं केलं आणि 1938च्या रेकॉर्डिंगमध्ये तो बजावतो की तिकडून जाताना जरा जपून, 'स्टे वोक', म्हणजे जागे राहा, डोळे उघडे ठेवा. जीव वाचवायचा सल्ला होता हो तो!

आणि ती गरज अजून संपलेली नाही. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका काळ्या बाईचा मुलगा नुकताच गाडी चालवायला लागलाय, ती त्याच्याकडून काय पाठ करून घेते तर पोलिसांनी थांबवलं की दोन्ही हात स्टिअरिंगवर, दिसतील असे, आणि लायसन्स काढायला कप्प्यात हात घालायच्या आधी तोंडाने सांगायचं की आता हात घालतोय.

2014मध्ये मिसूरी राज्यातल्या फर्ग्युसनला मायकल ब्राऊन हा काळा तरुण पोलिसाच्या गोळीने गेला, त्या आंदोलनातून 'स्टे वोक' जगभर पोचलं, 2017मध्ये वोकचा 'अन्यायाबद्दल जागरूक' हा अर्थ ऑक्सफर्ड डिक्शनरीत आला. मग कंपन्यांनी तो जाहिरातीला वापरला, आणि 2022मध्ये फ्लोरिडा राज्याने शाळा-ऑफिसातल्या 'वोक' शिकवणीविरुद्ध कायदाच केला. त्याच वर्षी एका खटल्यात तिथल्या गव्हर्नरच्या वकिलाला कोर्टात वोकचा अर्थ विचारला तर तो म्हणाला, अमेरिकन समाजाच्या व्यवस्थेतच अन्याय आहे आणि तो दूर करायला हवा असं मानणं. वोकला विरोध करणाऱ्यांच्याच वकिलाची व्याख्या ही! यात लाज वाटण्यासारखं काय आहे ते मला कोणी समजावून सांगा.

अतिरेक होतो, मान्य. एखाद्याचा एक शब्द चुकला की झुंडीने तुटून पडायचं, याची चीड मलाही येते. पण मग त्याला झुंडशाही म्हणा ना. आरक्षणाला विरोध असेल तर मुद्दे मांडा, मी वाचेन, भांडेनही. आणि हुंडा देणार नाही म्हणणाऱ्या भाचीला तरी वोक म्हणू नका, आपला हुंडाबंदी कायदा 1961चा आहे, तिला फ्लोरिडाच्या राजकारणातली शिवी कशाला चिकटवता?