15 लाखांत 70 लाखांची गाडी? दाजी, जरा थांबा

दिवाळीपासून एक मेसेज सगळीकडं फिरतोय. आमच्या भावकीच्या ग्रुपवर तीनदा आला, बेदाणा व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर दोनदा. परवा विट्याच्या दाजींनी तोच मला वेगळा पाठवला आणि खाली लिहिलं, "रविवारी गाडी बघायला जायचंय, तुमचं मत सांगा." मजकूर थोडक्यात असा:

"भावांनो, 15-16 लाखांची नवी डबडी घेऊन हप्ते कशाला भरताय? तेवढ्यात 70 लाखांची ऑडी, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज येते. किंमत पडायची तेवढी पडून गेलेली असते. जर्मन इंजिन पाच लाख किलोमीटर हलत नाही. पार्ट पुण्यात निम्म्या भावात, कुठलाही मिस्त्री बसवतो. दिल्लीची घ्या, अजून स्वस्त. इन्शुरन्स किरकोळ. मायलेज 12. आणि दारात उभी राहिली की नाद खुळा!"

मत सांगायचा अधिकार मला आहे, कारण मी हेच करून बसलोय. ऑक्टोबर 2021 मध्ये 2013 ची एक जर्मन एसयूव्ही 14 लाखांत घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही. तिचा दोष नाही, हौस माझी होती. व्यापारी माणूस असल्यामुळं गाडीची वही पहिल्या दिवसापासून ठेवलीय, तीच समोर घेऊन लिहितोय.

"किंमत पडून गेलेली असते"

गाडीची किंमत पडते ती बाजारात. पार्टच्या यादीला ती बातमी कुणी कळवत नाही. 70 लाखांच्या गाडीचा हेडलाइट गाडी 14 लाखांची झाली म्हणून पाचपट स्वस्त होत नाही, उलट दरवर्षी थोडा महागच होतो. चार वर्षांत माझी गाडी 38,000 किलोमीटर चालली आणि सर्व्हिसिंग, दुरुस्ती, टायर धरून 7 लाख 62 हजार गेले. म्हणजे किलोमीटरमागं 20 रुपये, आणि त्यात डिझेल नाही. चार टायर 84 हजार. ब्रेकच्या डिस्क आणि पॅड 72 हजार. बाकीचं पुढं येईलच.

शिवाय किंमत "पडून गेलेली" नसतेच. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. पुढं फिटनेस, पर्यावरण कर आणि पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण. माझ्या गाडीचं 2028 ला संपतंय आणि गिऱ्हाइकाला ते तोंडपाठ असतं. मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकाला सहज विचारलं तर साडेसहा लाख म्हणाला. वर "तुम्ही ओळखीचे म्हणून" हेही म्हणाला.

"जर्मन इंजिन पाच लाख किलोमीटर हलत नाही"

हे अर्धं खरं आहे. लोखंड चांगलंच असतं. बीएमडब्ल्यूचं जुनं तीन लिटर डिझेल, एम57, नीट तेल घातलं तर म्हातारं होऊनही कामावर येतं. गोची इंजिनात कमी आणि इंजिनाभोवती जास्त असते.

मर्सिडीजचं तीन लिटरचं व्ही6 डिझेल घ्या, ओएम642, सहा सिलिंडर इंग्रजी व्हीच्या आकारात. एमएल आणि जीएल गाड्यांत हेच. व्हीच्या मधल्या खोबणीत ऑइल कूलर बसवलाय आणि त्याखाली दोन छोटे रबरी सील आहेत. उष्णतेनं ते कडक होतात आणि तेल पाझरायला लागतं. सीलची किंमत अगदी किरकोळ. पण तिथवर पोचायला वरचं सगळं उतरावं लागतं, टर्बोसकट. म्हणजे विहिरीत पडलेली चिल्लर काढायला मोटर, पाइप, सगळं उपसायचं. बीएमडब्ल्यूनं एम57 नंतर आणलेल्या एन47 आणि एन57 इंजिनांत टायमिंग चेन (व्हॉल्व वेळेवर उघडझाप करवणारी इंजिनातली साखळी) मागं, गिअरबॉक्सच्या बाजूला गेली. ती वाजायला लागली की चेन बदलायला आधी गिअरबॉक्स तरी खाली उतरवा, नाहीतर इंजिन तरी वर काढा. विकणारा मात्र बॉनेट उघडून म्हणतो, "आवाज ऐका की शेठ, काय मख्खन चाललंय!"

गिअरबॉक्सचं तर वेगळंच पुराण. अनेक गाड्यांच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल लाइफटाइम. कुणाच्या लाइफटाइमचं, गाडीच्या का पहिल्या मालकाच्या? यातले बरेचसे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदला म्हणते. माझ्या गाडीच्या पहिल्या दोन मालकांनी बदललेलं नव्हतं. गिअर पडताना झटका बसायला लागला तेव्हा मी बदललं, फिल्टरसकट 46 हजार. झटका गेला. माझं नशीब चांगलं होतं एवढंच, दरवेळी तेवढ्यावर भागत नाही.

"पार्ट निम्म्या भावात, कुठलाही मिस्त्री बसवतो"

इथं मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण इथंच माझी सगळ्यात मोठी फी भरून झाली.

2023 चा श्रावण. सकाळी दार उघडून बघतो तर गाडी पुढच्या डाव्या पायावर बसलेली, मानेवरनं जू उतरल्यावर बैल बसतो तशी. चालू केल्यावर मागून घर्रर्र आवाज आला आणि मिनिटभरात ती उठून उभी राहिली. मी खूश. एअर सस्पेन्शनमध्ये लोखंडी स्प्रिंगच्या जागी रबराचा फुगा असतो, बलून म्हणतात त्याला. त्यात हवा भरायला कॉम्प्रेसर. रबर दहा वर्षांनी घड्या पडतात तिथं तडकतं. आमच्या मिस्त्रीनं साबणाचं पाणी मारून दाखवलं, घडीच्या तळाशी बारीक बुडबुडे येत होते, मोहरीएवढे. म्हणाला, "मालक, हे आत्ता बदला. हवा जातीय, पण मरतोय कॉम्प्रेसर."

मी म्हटलं, उठतीय की रोज, बघू द्राक्षाच्या छाटण्या झाल्यावर. दोन महिने ती रोज रात्री बसायची आणि रोज सकाळी कॉम्प्रेसर तिला उचलायचा. जे काम त्यानं अधूनमधून मिनिटभर करायचं ते तो दिवसभर करत राहिला आणि एका सकाळी जळाला. गाडी बसली ती बसलीच. चाकाच्या वर हात घालायला जागा नाही.

एका बलूनचं काम होतं, ते एवढं झालं: दोन्ही बाजूचे बलून (उजवाही त्याच वयाचा) बाहेरच्या कंपनीचे 90 हजार, कॉम्प्रेसर 58 हजार, मजुरी 24 हजार, आणि तासगावातून पुण्याला न्यायचे 14 हजार. एकूण 1 लाख 86 हजार. कंपनीचा ओरिजिनल बलून घेतला असता तर एकाच बाजूचे सव्वा लाखाच्या पुढं गेले असते. त्या 14 हजारांवर दाजी हसले होते. पण चारही चाकांना ताकद जाणारी ऑटोमॅटिक गाडी ट्रॅक्टरला दोरी बांधून ओढायची नसते, गिअरबॉक्सची वाट लागते. गाडी अख्खी वर चढवून नेणारा सपाट ट्रक, फ्लॅटबेडच लागतो, आणि बसलेली गाडी त्यावर चढवणं हा आणखी एक कार्यक्रम. गल्लीतली सगळी पोरं जमली होती.

आता निम्म्या भावाचं. जुन्या पार्टच्या बाजारात दार, आरसा, बंपर, सीट जरूर मिळतात, मीही उजवा आरसा तसाच घेतला. पण रबर, पंप आणि सेन्सर तिथून घेणं म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं. तुमच्या गाडीतलं जेवढ्या वर्षांनी गेलं, त्याही गाडीतलं तेवढंच म्हातारं असणार.

आणि आमचे मिस्त्री? सांगली-मिरजेतली माणसं हाताला पक्की आहेत. बोलेरोचं इंजिन झाडाखाली उघडून संध्याकाळी चालू करून देतील. पण या गाड्यांत नुसता पार्ट बसवून भागत नाही, गाडीला तो मान्य करायला लावावा लागतो. काही गाड्यांत तर बॅटरी बदलली तरी कॉम्प्युटरला कळवावं लागतं, नाहीतर तो नवी बॅटरी जुनीच समजून चार्ज करत राहतो. त्यासाठी त्या कंपनीच्या गाड्यांशी बोलणारा स्कॅनर लागतो आणि तो वाचता येणारा माणूस. मला तो पुण्यात मिळाला, म्हणजे प्रत्येक कामाला जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटर. दाजी, गाडीच्या आधी तो माणूस शोधा.

"दिल्लीची घ्या, अजून स्वस्त"

दाजींच्या गावाकडं हा मुद्दा लगेच पटतो आणि त्याचं कारणही आहे. विटा-खानापूर-आटपाडीकडची निम्मी घरं गलाईच्या धंद्यात, माणसं दिल्लीपासून केरळपर्यंत सोनं-चांदी गाळतात. जत्रेला पटांगणात गाड्या लागल्या की नंबरप्लेट बघून देशाचा नकाशा काढता येतो. तेव्हा दिल्लीत कुणीतरी ओळखीचं असतंच आणि गाडी "घरातलीच" वाटते.

ती तिथं स्वस्त का, हे मात्र मेसेज सांगत नाही. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या दिल्ली आणि आसपास चालवायला हरित लवादानं मनाई केली आणि 29 ऑक्टोबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयानंही ती उचलून धरली. पुढं त्यात फेरफार होत राहिले, पण भाव कोसळले ते तिथून. म्हणजे विकणारा घाईत असतो, आणि घाईतला माणूस दहाव्या वर्षी गाडीवर खर्च करत नाही. आठव्या वर्षीच हात आखडता घेतो.

ती इकडं आणल्यावर तिकडची एनओसी (ना हरकत दाखला), कर्जाचा बोजा उतरल्याचा कागद, मग इथला कर. महाराष्ट्रात 20 लाखांवरच्या नव्या डिझेल गाडीला 15 टक्के कर आहे, कंपनीच्या नावावर असेल तर 20. जुन्या गाडीचा कर वयाप्रमाणं कमी होतो, पण मोजायला सुरुवात तिच्या नव्या किमतीपासून होते, तुम्ही दिलेल्या 12 लाखांपासून नाही. "राहू दे डीएलच", म्हणजे दिल्लीचाच नंबर, म्हणाल तर कायद्यानं मुदत 12 महिन्यांची. सांगलीचा एमएच-10 नंबर व्हायला लागणारे पैसे धरून मगच दिल्लीची गाडी स्वस्त का ते ठरवा.

आणखी एक, जे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. पाणी. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती. त्या आठवड्यात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून कुठंतरी विकल्याच गेल्या ना? तशाच दुसऱ्या गावच्या आपल्याकडं येतात. साध्या गाडीत पाणी शिरलं तर गालिचा वाळवून भागतं. या गाड्यांत जमिनीलगत वायरिंग आणि कॉम्प्युटर असतात. पहिल्या पिढीच्या ऑडी क्यू7 मध्ये तर बॅटरीच पुढच्या सीटखाली आहे. गाडी बघताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. वरचा हातभर पट्टा सगळे धुतात, आत गुंडाळलेला कुणी धुत नाही. तिथं गाळाची रेघ दिसली की चहा पिऊन परत या.

"इन्शुरन्स किरकोळ"

हप्ता किरकोळ असतो, तेवढं खरं. थर्ड पार्टीचे 1500 सीसीवर 7,897 रुपये, ते सगळ्यांनाच. बाकीचा हप्ता आयडीव्हीवर, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या आजच्या किमतीवर, आणि आयडीव्ही कमी म्हणून तोही कमी. पण गाडी दहा वर्षांवर गेली की क्लेममध्ये लोखंडी पार्टला 50 टक्के घसारा कापतात, प्लास्टिक आणि रबराला तर वय काहीही असो, 50 टक्के. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी, या वयाला सहसा कुणी देत नाही. काचेला घसारा नाही, तेवढंच सुख.

आणि दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस. आयडीव्ही 8 लाख असेल तर हा आकडा 6 लाख. दोन हेडलाइट, बंपर, रेडिएटर आणि फुटलेल्या एअरबॅगा एवढ्यात बसवून दाखवा. शहरात 40 च्या वेगानं ट्रॉलीला धडकलात, तुम्हाला खरचटलंही नाही, तरी गाडी कागदावर मेलेली असू शकते.

"मायलेज 12"

मिळतं. मध्यरात्री, कराड ते सातारा, 80 च्या वेगानं, एकटे असाल तर. माझी सरासरी 9.

"दारात उभी राहिली की नाद खुळा"

हा एकच मुद्दा असा की ज्यावर मी वही उघडत नाही. गाडी सुंदर आहे. पुण्याहून रात्री येताना खंबाटकी घाटात ट्रकांच्या रांगेतून बाहेर पडायला पाय जरासा दाबला की ती जे करते, ते माझ्या कुठल्याच हिशेबात बसत नाही. आई मागच्या सीटवर झोपलेली असते, कराड मागं टाकून पेठ नाक्यावर आलो की विचारते, "कराड आलं का?" म्हणून तर साडेसहा लाखाला दिली नाही.

पण दाजी, "दारात उभी" हे शब्द मेसेजवाल्यानं अगदी अचूक वापरलेत. गेल्या महिन्यात ती माझ्या दारात 11 दिवस उभी होती, एका सेन्सरची वाट बघत. तेवढे दिवस बेदाण्याच्या सौद्याला मी वडिलांच्या बोलेरोतून गेलो. तुमची जुनी बोलेरो देऊन त्या पैशात भर घालायचा विचार आहे असं ताईकडून कळलं. गाडी घ्यायची तर घ्या. रविवारी मी येतो बरोबर, सीटबेल्ट मी ओढतो. पण बोलेरो विकू नका.