वकिलांची फी ‘खुल्या बाजारात’ ठरते का?

‘वकिलाची फी जास्त वाटत असेल तर दुसरा वकील करा, हा खुला बाजार आहे, मागणी-पुरवठ्यावरच दर ठरतो,’ असा दावा समाजमाध्यमांवर वारंवार केला जातो. तो टिकणारा नाही.

पुरवठा खुला आहे, वकील लाखोंनी आहेत, हे पहिले समर्थन. परंतु १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने वकिलीचा हक्क केवळ सनदधारकांना दिला आहे आणि सनदेविना न्यायालयात वकिली करणाऱ्यास कलम ४५ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे बंधन मला योग्यच वाटते. मात्र कायद्याने राखून ठेवलेल्या व्यवसायाचे दर खुल्या बाजारातले म्हणवता येत नाहीत.

दर स्पर्धेतून ठरतात, हे दुसरे. वकिलांची नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ३६ जाहिरातीला मनाई करतो. नियम ३८ तर सांगतो की, अशिलाची ऐपत असल्यास नियमांनुसार आकारणीयोग्य असलेल्या फीपेक्षा कमी फी वकिलाने घेऊ नये. म्हणजे स्वस्त दर जाहीर करायचा नाही आणि ठरावीक मर्यादेखाली उतरायचेही नाही.

‘दुसरा वकील करा’ हा सल्ला सर्वांत पोकळ आहे. गडचिरोलीहून नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील उच्च न्यायालयाच्या खंडपीठात आलेला पक्षकार कोणाच्या तरी ओळखीने वकिलापर्यंत पोहोचतो आणि त्याच दिवशी वकीलपत्रावर सही करतो. ड्राफ्टिंगचे किती, पुढच्या प्रत्येक पेशीचे (सुनावणीच्या तारखेचे) किती, पेशी पुढे ढकलली गेली तर काय, हे बहुधा तोंडीच सांगितले जाते, त्यामुळे तुलना करायला त्याच्या हातात कागदच नसतो. पुढे वकील बदलायचा म्हटले, तर नियम ३९ प्रमाणे आधीच्या वकिलाची संमती किंवा न्यायालयाची परवानगी लागते. न्यायालयाने ‘ज्येष्ठ’ हा दर्जा दिलेला वकील हवा असेल तर त्यांच्यासोबत दुसरा वकीलही द्यावा लागतो आणि दोघांची फी अशिलाच्याच माथी येते.

काम वाईट झाले तर ग्राहक दाद मागेल, हेही खरे नाही, कारण वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये दिला. उरतात ते बार कौन्सिलकडील तक्रार आणि दिवाणी दावा, म्हणजे पुन्हा वकीलच.

जिल्हा न्यायालयात तुटपुंज्या कमाईवर दिवस काढणाऱ्या कनिष्ठ वकिलांवर माझा रोख नाही. या व्यवस्थेचा लाभ त्यांनाही मिळत नाही. वकीलपत्रावर सही घेण्यापूर्वी टप्प्यानिहाय फी लेखी देणे आणि प्रत्येक रकमेची पावती देणे बार कौन्सिलने अधिवक्ता कायद्याच्या कलम ४९ खालील नियमांद्वारे सक्तीचे करावे, एवढीच मागणी आहे.