'चिखलदऱ्यात द्राक्षं का नाही?' या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, पॅटागोनियातल्या, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाकडच्या द्राक्षबागांवरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, 'चिखलदऱ्यातही कडाक्याची थंडी पडते, कॉफी होते. मग वाइनची द्राक्षं का नाही? तुम्हाला परदेशाचंच कौतुक.' टोमणा पोचला. पण तुम्ही नुसता पारा बघताय, महिना बघत नाही.

पॅटागोनियातलं, अर्जेंटिनाचं त्रेवेलिन गाव 43 अंश दक्षिणेला, अँडीज पर्वताच्या कुशीत. तिथे ऋतू आपल्या उलटे. तिथली वेल हिवाळाभर पानं गाळून झोपते, वसंतात फुटते आणि घड मार्च-एप्रिलच्या सुमारास पिकतात, म्हणजे थंडी पुन्हा सुरू होत असताना. रात्री गार, म्हणून मॅलिक आम्ल (द्राक्षाचा आंबटपणा) टिकतं आणि साखर सावकाश चढते. पिनो न्वार या वाइनच्या द्राक्षाला हेच मानवतं.

आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून नाशिक-सांगलीकडे एप्रिलात खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) आणि ऑक्टोबरात फळछाटणी (घडांसाठी) करतात. आपण संत्र्याचं पाणी तोडून, ताण देऊन बहार धरतो, तशीच ही जबरदस्ती. ऑक्टोबरात छाटलेली वेल फेब्रुवारी-मार्चकडे पिकते, ऊन तापायला लागल्यावर. तुमची ती डिसेंबरची थंडी येते तेव्हा मणी कच्चे, हिरवे. थंडी फुकट गेली ना!

पावसाचंही तेच. तिथे तो मुख्यतः हिवाळ्यात, वेल झोपलेली असताना. मेळघाटात तो ऐन पानांवर कोसळणार. कॉफीला सावली नि पाऊस दोन्ही चालतात, तिच्यावरून द्राक्षाचा अंदाज बांधू नका.

तिकडेही सुख नाही बरं. वसंतात कोवळ्या फुटीवर दंव गोठतं. मग रात्रभर बागेवर तुषार सोडतात. पाणी कोंबावर गोठतं आणि गोठताना ग्रॅममागे 80 कॅलरी उष्णता सोडतं. त्या काचेसारख्या बर्फात कोंब शून्याच्या आसपास राहतो, जगतो. पंप मध्येच बंद पडला तर मात्र फूट गेलीच. रात्रीच्या थ्री-फेजवर ओलीत करणाऱ्या आपल्या माणसाने हा खेळ खेळून बघावा!

तरी लावायचीच असतील तर हौसेपुरत्या चार वेली लावा. कर्ज काढून एकरभर नको. पावसाळ्यात पानं उलटून बघत जा. वर तेलकट पिवळा डाग आणि खाली पांढरी बुरशी दिसली की समजा, केवडा रोग आला. आणि कुंपण आधी घाला. तुमच्याकडची रानडुकरं साखर चढेपर्यंत थांबायची नाहीत.