एसीतला घाम

मुंबईत घामाची तक्रार करणं म्हणजे कोकणात राहून पावसाची तक्रार करण्यासारखं, कोणी मनावरच घेत नाही. "घाम कोणाला येत नाही रे?" आता डोंबिवलीहून फास्ट पकडून सीएसएमटीला जो उतरतो तो पिळून काढल्यासारखाच उतरतो, मान्य. पण बाकीचे ऑफिसच्या एसीत दहा मिनिटांत वाळतात आणि माझ्या तळहातांना खरा पाझर तिथेच फुटतो. १८ डिग्रीत. शेजारच्या मॅडम शाल पांघरून बसलेल्या आणि मी माऊस पुसतोय.

याला हायपरहायड्रोसिस म्हणतात, नाव घेईपर्यंतच अर्धा रुमाल भिजतो. डॉक्टर म्हणाले तळहाताचा घाम उकाड्यापेक्षा टेन्शनने जास्त येतो, नसा घामाच्या ग्रंथींना ऑर्डर सोडतात, आणि माझ्या नसा जरा जास्तच कामसू. म्हणजे घाम येईल या टेन्शननेच मला घाम येतो.

सकाळी हजेरीच्या थंब मशीनवर अंगठा ठेवला की आतली बाई म्हणते पुन्हा प्रयत्न करा, मागे रांग लागते, रांगेने अजून घाम. शेवटी शिपाईमामांनी मशीनखाली खिळ्याला एक नॅपकिन टांगलाय. तो माझा आहे हे सगळ्यांना माहीत आहे.

सुखाचं वर्ष एकच, २०२०. शेकहँड बंद, जिकडे तिकडे नमस्कार, आणि हात ओले दिसले तर लोकांना वाटायचं सॅनिटायझर लावलाय. साहेबांनी तर एकदा चारचौघांत माझं उदाहरण दिलं, बघा, हा किती काळजी घेतो. मी काय बोलणार!

पण मी आहे अकाउंट्समधे, आणि तिथे एसीत घाम फुटलेला माणूस म्हणजे काय ते सांगायला नको. यंदा ऑडिटला एक नवीन पोरगं आलं, सीएची आर्टिकलशिप करणारं, शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडलेली नाही. पेटी कॅशचं, म्हणजे किरकोळ खर्चाचं, व्हाउचर काढून म्हणालं, सर हे ४५० कसले? चहाचे. देवाशप्पथ चहाचेच. पण दाखवायला म्हणून व्हाउचर हातात घेतलं आणि अंगठ्याखाली निळी शाई पसरून चारावर असं काही फुलपाखरू बसलं की तो आकडा चार का नऊ हे मलाच कळेना. त्याने व्हाउचरकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं, मग एसीच्या आकड्याकडे, आणि शांतपणे मागच्या ३ वर्षांच्या फाइली मागितल्या. दोन दिवस खणत होता बिचारा. निघालं काय, तर चहावाल्याला आम्हीच ३० रुपये देणं लागतो.

त्यानंतर मी चिडून घाम कमी करायचं मशीन घेतलं. ट्रेमधे नळाचं पाणी, त्यात दोन्ही हात बुडवून २० मिनिटं बसायचं, पाण्यातून बारीक करंट सोडतात, आयनटोफोरेसिस. आठवड्यातून तीनदा. आई लांब उभी राहून बघते, जवळ येत नाही. परवा हात बुडवून बसलो आणि फोन वाजला, तोच ऑडिटवाला. करंट चालू असताना हात काढले तर झटका बसतो म्हणून बायकोने फोन माझ्या कानाला धरला.

"सर, बिझी आहात का?"

म्हटलं, नाही रे, हात ओले आहेत.