‘भायल्यांची’ मुलं

गेल्या रविवारी ग्रामसभेत मी ठराव मांडला: पंचायतीच्या हद्दीत राहणाऱ्या 14 वर्षांखालच्या प्रत्येक मुलाची पंचायतीने नोंद ठेवावी. मग ते भाड्याच्या खोलीत राहो की बांधकामावरच्या पत्र्याच्या खोपीत. मागून एक काका म्हणाले, “बाई, ती भायल्यांची मुलं. आपण कशाला बघायचं?” भायले म्हणजे बाहेरून गोव्यात आलेली माणसं.

तेव्हापासून झोप नीट नाही.

नीती आयोगाच्या 2023 च्या अहवालात गोव्याची बहुआयामी गरिबी, म्हणजे आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान धरून मोजलेली गरिबी, 0.84 टक्के. हा आकडा आपण अभिमानाने सांगतो. पण तो ज्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीवरून (2019-21) काढला, त्याच पाहणीत गोव्यातल्या पाच वर्षांखालच्या 25.8 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. आधीच्या पाहणीत हे प्रमाण 20.1 होतं. चारातलं एक मूल! काका, ही सगळी भायल्यांची नाहीत हो.

मी 22 वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. आमच्या मराठी शाळेचा पट शेवटची काही वर्षं याच भायल्यांच्या मुलांनी राखला, नाहीतर कुलूपच लागलं असतं. त्यातली एक नऊ वर्षांची. घरी लमाणी, दुकानात कोंकणी आणि वर्गात सगळ्यांत स्वच्छ मराठी वाचन तिचं. मुकादमाने साइट बदलली आणि ती दिवाळीनंतर आलीच नाही. नव्या ठिकाणच्या शाळेने दाखला मागितला. दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही, असं 2009 चा शिक्षण हक्क कायदा स्पष्ट सांगतो. पण तिच्या आईला ते कोण सांगणार? मी शोधत गेले तेव्हा ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन वाळूच्या ढिगाशी उभी होती. बांधकामावर पाळणाघर सक्तीचं होतं ते 50 हून जास्त बायका कामाला असतील तर. तिथे होत्या आठ. म्हणजे पाळणाघर तीच.

माझे आजोबा पेडण्याहून गिरगावात गेले. तेव्हा गोवा पोर्तुगिजांचा, म्हणजे माझे बाबा मुंबईत चक्क परक्या राजवटीतलं मूल. पालिकेच्या शाळेने त्यांना पाटीसकट आत घेतलं. त्याच शिक्षणावर आमचं घर उभं राहिलं.

नोंद झाली की अंगणवाडीताई खोपीपर्यंत पोचेल, मूल शाळेतून गळलं तर त्याच महिन्यात कळेल. यासाठी वेगळा निधीही लागत नाही.

ठराव पुढच्या ग्रामसभेवर गेला आहे. कृपा करून या. तिथे हात वर करायला मतदारयादीत नाव लागतं, आणि त्या मुलांच्या आईबापांची नावं आपल्या यादीत नाहीत.