कळावे, लोभ असावा, वाखाणू नये

वाइनरीच्या कार्यक्रमाची पत्रिका लिहायचं काम ज्याच्या गळ्यात पडतं, त्याला लवकरच कळतं की या पत्रिकेत वाइन सोडून सगळं लिहिता येतं. डोंगर लिहिता येतो, सूर्यास्त लिहिता येतो, ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ तर हवं तितक्या वेळा. बासरी, कवितावाचन, चीज, कशालाही ना नाही. फक्त ज्या गोष्टीसाठी माणसं पेट्रोल जाळून दिंडोरी रोडला लागणार, तिचं नाव निघालं की आमचे लायझनवाले काका चष्मा कपाळावर चढवून म्हणतात, “हे काढा.”

मी नाशकातल्या एका बारक्या जाहिरात एजन्सीत मजकूर लिहितो. बिल्डरांचे फ्लॅट, क्लासवाल्यांचे टॉपर आणि येवल्याच्या पैठण्या हे माझं बारमाही पीक. ‘स्वप्नातलं घर’ मी इतक्यांदा लिहिलंय की आता स्वप्नातही कार्पेट एरिया दिसतो. त्यामुळे एका छोट्या वाइनरीचे मालक ‘टेस्टिंग इव्हेंट’ घेऊन आले तेव्हा मला भरून आलं. घराण्याची शेती द्राक्षांची, वडील थॉमसन ही खायची द्राक्षं विकायचे, यांनी निम्म्या बागेत शिराझ आणि शेनिन ब्लाँ ही वाइनची द्राक्षं लावली. म्हटलं, अखेर एक अशी वस्तू आली जिच्याबद्दल खरं लिहिलं तरी चालेल.

“खरं लिहिलं तर आत जाल,” काका म्हणाले.

काका म्हणजे एजन्सीचं परवानगी खातं. एक्साइज, पोलीस स्टेशन, ग्रामपंचायत, लाउडस्पीकरची परवानगी, सगळीकडे त्यांची उठबस. स्वतः चहासुद्धा बिनसाखरेचा घेतात. त्यांच्या पिशवीत एक जुनं, पिवळं पडलेलं पुस्तक असतं: मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९. सरकारने त्यातल्या मुंबईचं महाराष्ट्र केलं. काकांनी बॉलपेननं केलं. आपल्याकडे दारू गाळायचा, विकायचा, पाजायचा आणि प्यायचा परवाना मिळतो तो या दारूबंदीच्या कायद्याखाली, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. मी हसलो. ते हसले नाहीत. “यात हसण्यासारखं काय आहे? बंदी नसती तर परवानगी कशाची दिली असती?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

आता याच राज्याचा दुसरा हात बघा. २००१ साली सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले, शेतकऱ्याला म्हटलं, लाव बाबा वाइनची द्राक्षं, कर मी बघतो. पुढे ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळालं. २००५ मध्ये सुला या कंपनीने गंगापूर धरणाच्या बाजूला टेस्टिंग रूम उघडली आणि मुंबईची मंडळी त्र्यंबकेश्वर करून परतताना तिकडे वळू लागली. जानेवारी २०२२ मध्ये तर मंत्रिमंडळाने किमान १०० चौरस मीटरच्या सुपरमार्केटात वाइन ठेवायला मंजुरी दिली. त्यावर वाइन ही दारू आहे की नाही, असा रणसंग्राम झाला आणि तो निर्णय जो कपाटात गेला तो गेलाच. सरकारने द्राक्ष पिकवायला सांगितलं, पिळायला सांगितलं, आंबवायला सांगितलं. नंतर बाटलीला बूच लावलं आणि सगळ्यांना सांगितलं, आता याविषयी कुणी काही बोलायचं नाही.

माझा पहिला मसुदा असा होता: ‘या शनिवारी, आमच्या वाइनची चव घ्यायला या.’ काकांनी ‘आमच्या’ आणि ‘शनिवारी’ एवढेच शब्द ठेवले.

“‘या’ला काय झालं?”

“आग्रह आहे तो. मादक पदार्थ घ्या असा आग्रह करायचा नाही, कलम २३. जाहिरात छापायची नाही, कलम २४.”

“मग लोक येणार कसे?”

“लोकांना कळतं. तुमच्या लिहिण्यामुळे आजवर कुणी प्यायलाय का?”

अपमान गिळून मी वाचायला घेतलं, आणि मला बलसारा सापडले. फ्रॅम नसरवानजी बलसारा हे मुंबईचे पारशी गृहस्थ. दारूबंदी आली तेव्हा ते सरळ हायकोर्टात गेले आणि म्हणाले, मला माझी व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर, औषधी वाइन, यू-डी-कोलोन आणि लॅव्हेंडर वॉटर बाळगू द्या. काय ती यादी! व्हिस्कीपासून निघालेला माणूस लॅव्हेंडर वॉटरपर्यंत पोचतो, तोवर न्यायाधीशांचंही मन द्रवत असणार. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९५१ साली निकाल लागला. कायदा बहुतेक तसाच राहिला, पण काही तुकडे उडाले, आणि त्यातला एक माझ्या कामाचा होता. दारूची वाखाणणी करायला बंदी घालणारा भाग कोर्टाने रद्द केला. वाखाणणी हे भाषणस्वातंत्र्य आहे!

मी पुस्तक घेऊन काकांकडे धावलो. “वाखाणता येतं! सुप्रीम कोर्ट म्हणतंय!”

काकांनी शांतपणे वाचलं. “नागरिकाला येतं. तुम्ही पैसे घेऊन वाखाणता. ती जाहिरात.”

म्हणजे रस्त्यावरचा कुठलाही माणूस ‘काय फर्मास वाइन आहे’ म्हणून ओरडू शकतो. भारतात एकट्या मलाच, तोंडाला दरमहा पगाराची पट्टी असल्यामुळे, ते म्हणता येत नाही.

मालकांनी तोडगा काढला. टीव्हीवर दारूची जाहिरात बंद झाल्यावर मोठ्या कंपन्यांनी काय केलं? सोडा विकला, पाणी विकलं, गाण्याच्या सीडी विकल्या. पडद्यावर चार मित्र भेटतात, डोळे मिचकावतात, मागे बर्फ खळखळतो, आणि शेवटी कळतं की हे सगळं सोड्यासाठी चाललंय. “आपण मनुके काढू,” मालक म्हणाले. “त्याच नावाचे. मनुक्यांची जाहिरात करू.” मला कल्पना आवडली. मी लिहायलाही बसलो: ‘मनुका. थंड करून घ्या. जबाबदारीने घ्या.’ पण त्यालाही नियम. ज्या वस्तूची जाहिरात करता ती खरोखर बाजारात मिळाली पाहिजे, नुसती पडद्यावर नको. मालकांनी मनुक्यांचा हिशेब मांडला, तो वाइनपेक्षा महाग पडला.

शेवटी पत्रिकेवर छापलं गेलं ते असं: ‘द्राक्षबागेत एक संध्याकाळ. चर्चा, संगीत व आस्वाद. फक्त निमंत्रितांसाठी.’ ‘आस्वाद’वर काका बराच वेळ थबकले होते, पण त्या शब्दाने साहित्य संमेलनाची आठवण होते म्हणून सोडला. परिणाम असा झाला की दोन निवृत्त प्राध्यापकांनी फोन करून कवी कोण आहेत ते विचारलं.

तारखेचं महाभारत मी थोडक्यात सांगतो, कारण ते आठवलं की अजून अॅसिडिटी होते. पीक निघतं जानेवारी ते मार्च, कार्यक्रमही तेव्हाच शोभतो. १५ ऑगस्ट, आषाढी, अनंत चतुर्दशी, २ ऑक्टोबर हे ड्राय डे आमच्या वाटेत नव्हते. २६ जानेवारी मात्र आडवी आली. ती टाळून पुढचा शनिवार धरला, तर निवडणूक. मतदान संपायच्या आधीचे ४८ तास कोरडे, मतमोजणीचा दिवस कोरडा. लोकशाहीचा मला अभिमान आहे, पण तिने शनिवार-रविवार तेवढे सोडावेत.

कार्यक्रमाच्या दिवशी प्रवेशद्वारापाशी टेबल मांडलं होतं. टेबलामागे मी. कारण माझ्या लेखणीला तसंही काम उरलेलं नव्हतं. प्रत्येकाचं आधार कार्ड बघायचं, वय तपासायचं (वाइनला २१ पुरतात, कडक मालाला २५ लागतात) आणि एक दिवसाचं परमिट फाडायचं. किंमत ५ रुपये. देशीचं असतं तर २. या महाराष्ट्रात ५ रुपयांत आता कटिंग मिळत नाही, पण दिवसभर कायदेशीर पिण्याचा हक्क मिळतो.

आणि इथेच खरी मौज. ज्यांना वर्षानुवर्षं कुणी वय विचारलेलं नाही अशा सगळ्या आजोबांना मी पुरावा मागत होतो. एक निवृत्त मुख्याध्यापक, मिशा पांढऱ्याशुभ्र, हातात काठी. मी म्हटलं, “सर, आधार कार्ड?” ते एकदम फुलले. बायकोला म्हणाले, “बघ गं, यांना शंका आहे!” मग त्यांनी कार्ड दिलं आणि मी वर्ष बघून मान हलवेपर्यंत श्वास रोखून उभे राहिले.

त्यांच्यामागच्या बाईंनी मला विचारलं, “यात अल्कोहोल असतं का हो?”

“असतं, काकू.”

“नाही, म्हणजे पत्रिकेत काही लिहिलं नव्हतं.”

एका गृहस्थांना परमिटवर आपलं नाव येणार हे कळल्यावर ते गाडीत जाऊन बसले. त्यांची पत्नी उतरली, नाव-पत्ता ठसठशीत अक्षरात लिहून दिला आणि आत गेली. ते शेवटपर्यंत एसी लावून बसून होते.

आत एक तरुण मुलगा ग्लास कसा धरायचा, गोल कसा फिरवायचा ते शिकवत होता. ग्लासात जेमतेम दोन घोट. “सोव्हिन्यों ब्लाँमध्ये तुम्हाला हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येईल,” तो म्हणाला. सगळ्यांनी नाकं खुपसली. एक काका म्हणाले, “मला पंचवटीचा भाजीबाजार येतोय.” शिराझमध्ये मिरी आहे असं कळल्यावर एका काकूंनी घोट घेतला आणि म्हणाल्या, “ओवा टाकला असता तर पोटालाही बरं पडलं असतं.” मग तो मुलगा म्हणाला की जाणकार लोक चव घेऊन तोंडातली वाइन या भांड्यात थुंकतात. सभेत शांतता पसरली. माणसं एकमेकांकडे बघू लागली. भांडं या हातातून त्या हातात फिरलं आणि जसं निघालं तसंच, कोरडं, मुलाकडे परत आलं. नाशिककर तीर्थ थुंकत नाहीत.

एक्साइजचे साहेब एका कोपऱ्यात उभे होते. कामच असं की जिथे सगळे पितात तिथे फक्त बघायचं. बाटल्या मोजल्या, परमिटची पुस्तकं बघितली, कुणी कमी वयाचं नाही ना पाहिलं. पाण्याचा ग्लास दिला तर तोही हुंगून बघितला. सवय. जाताना मला म्हणाले, “पत्रिका तुम्ही लिहिली? चांगली आहे. कशाबद्दल आहे ते कळलं नाही.” एवढी शुद्ध दाद मला कुठल्या बिल्डरने दिलेली नाही.

मंडळी पांगायला लागली तेव्हा मुख्याध्यापक आणि त्यांच्या सौ. टेबलापाशी परत आले. सरांचे कान लाल झाले होते. कुठून कळलं कोण जाणे, पण परमिट वर्षभराचं आणि आजीवनही मिळतं हे त्यांना ठाऊक होतं. “दर काय?”

“वर्षाचं १००, आजीवन १०००.”

सरांनी परमिटाच्या पाठीवर हिशेब मांडला, गणिताचे मास्तर असावेत. “रोजचं ५ म्हणजे वीस वेळा प्यालो तर वर्षाचं वसूल. आजीवनचं वसूल व्हायला दहा वर्षं.” मग पेन थांबलं. “मला एकोणऐंशी चालू आहे. म्हणजे एकोणनव्वद.”

सौ.नी पर्स उघडली. “आजीवनच काढा हो यांचं,” त्या मला म्हणाल्या. “एकदा पैसे भरले की वसूल केल्याशिवाय हे कुठे जायचे नाहीत.”